आधी सांगा, मग बुडवा

जमील सरांना हिरवा आणि तांबूस हे रंग वेगळे दिसत नसत. जन्मापासूनच दिसत नसत. आणि नोकरी कसली, तर पाण्यात कागदाची पट्टी बुडवून तिचा रंग बघायची.

हे आम्हां बायकांना ठाऊक होतं. कारखान्यात वरच्या कुणाला ठाऊक नव्हतं. मला त्याची फार धास्ती वाटायची. मला तशी सगळ्याचीच धास्ती वाटते, बस चुकेल याचीही वाटते, पण ही धास्ती खरी होती. ज्या दिवशी हे वर कळेल त्या दिवशी सरांचं टेबल जाईल. आणि सरांचं टेबल गेलं की आमच्यासारख्या, शाळा अर्धवट सुटलेल्या बायांना त्या लॅबमध्ये कोण ठेवणार?

कारखाना चितेगावला, पैठण रोडपासून थोडा आत. लोखंडी सुट्या भागांवर जस्ताचा मुलामा चढवतात. त्याआधी ते भाग सोड्याच्या गरम पाण्यात धुवायचे, मग ॲसिडात बुडवायचे, मग पुन्हा पाण्यात. या सगळ्या धुण्याचं पाणी मागच्या टाक्यांत येतं. ते तसंच सोडलं तर ओढ्याकाठची पिकं करपून जातील. म्हणून त्यात चुना कालवायचा, गाळ खाली बसू द्यायचा, आणि पाणी ठिकाणावर आलं की मगच बाहेर सोडायचं. ठिकाणावर आलं की नाही ते ठरवणारी पत्र्याची खोली म्हणजे लॅब. तिथले प्रमुख जमील सर. हाताखाली कडूबाई आणि मी.

कडूबाई पैठणकडच्या. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, जीभ मात्र नावाला जागणारी. मी देवगडकडची. खाडीपलीकडच्या शाळेत जायची होडी बंद पडली आणि माझी नववी तिथंच बुडाली. लग्न झालं, नवऱ्याला इकडं टेम्पोवर काम मिळालं, शहरात मुकुंदवाडीला खोली घेतली. घराच्या आठवणीनं मी पहिले कित्येक महिने अर्धीच जागी असायचे. आधी मला ॲसिडाच्या लाईनवर उभं केलं होतं. वाफेनं डोळे चुरचुरायचे, कॅनजवळ जायला पाय उचलायचा नाही. सुपरवायझर ओरडला, "काय बाई, कॅन काय चावतो का?"

तिथून सर चालले होते. पांढरा ॲप्रन, पायात बूट चकचकीत, खिशाला दोन पेनं. थांबले. मला म्हणाले, "ताई, भीती वाटते?"

मी मान हलवली.

"भीती नक्को. भीतीनं हात थरथरतो आणि सांडतं. अदब ठेवायची. घरात सासरा बसलेला असतो ना, तसं. समोरून जायचं, पण पदर सावरून." मग सुपरवायझरकडे वळून म्हणाले, "हिला माझ्याकडं पाठवा. जी घाबरते ती बघून काम करते."

माझ्या घाबरटपणाचा गुण म्हणून उल्लेख करणारा दुसरा कुणी मला तरी आठवत नाही.

सरांचं घर शहरातल्या शहागंजात. वडिलांचं विड्याच्या पानांचं दुकान होतं. कॉलेज करून सर केमिस्ट झाले, पण बोलणं दुकानातलंच राहिलं; समोरच्याला पान जमवून द्यावं तसं ते एकेक गोष्ट जमवून सांगायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला आणि माझ्याआधी नुकत्याच आलेल्या कडूबाईंना काहीच शिकवलं नाही. कडूबाईंच्या डब्यातली हळद मागून घेतली, पाण्यात कालवून टिपकागदावर चोपडली. कागद वाळला. मग एका पेल्यात चुन्याची निवळी ओतली.

"आता हा कागद यात घालणार. काय होईल ते आधी सांगा."

कडूबाई म्हणाल्या, "त्यात काय सांगायचं? कुंकू व्हईल."

सरांनी कागद बुडवला. लालभडक झाला.

"का?"

"हळदीला चुना लागला की कुंकूच व्हतंय. माझी आजी करायची."

"बराबर. म्हणजे हळद काय करते? चुगली करते. पाण्यात चुना-सोड्याच्या जातीचं काही आहे का, ते रंग बदलून सांगते. अशी चुगलखोर चीज म्हणजे इंडिकेटर. आपली पट्टी तीच, फक्त जरा जास्त बोलकी."

कडूबाईंनी कपाळाला हात लावला. "आगं बया! म्हंजी लग्नापासून म्या तुमची केमिस्ट्री कपाळाला लावून हिंडती व्हय?"

सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

मग पट्टी दाखवली. ॲसिड असेल तर लाल, केशरी, पिवळी होत येते, मध्ये हिरवी, चुना-सोडा असेल तर निळी, जांभळी. शून्यापासून चौदापर्यंत आकडे. साताला पाणी कुणाच्याच बाजूचं नाही. मी म्हटलं, "म्हणजे सात चांगलं आणि बाकी वाईट?"

"नाही, कोकणताई. तुमच्या पोटात दोनच्या आसपास असतो, म्हणून भाकरी पचते. रक्तात सातच्या किंचित वर, म्हणून माणूस उभा राहतो. दोन्ही अदलाबदल करा, माणूस खलास. नंबर वाईट नसतो. जागा चुकीची असते."

हे वाक्य मी किती वेळा मनात घोळवलं असेल! देवगडची मी इथं चुकीच्या जागी पडले आहे असंच मला तेव्हा वाटत होतं.

सरांच्या डोळ्यांची गोष्ट बोरांमुळं बाहेर आली. सर शहागंजहून बोरं घेऊन आले. "खा, पिकलेली बघून घेतलीत." अर्धी हिरवीगार होती. कडूबाई म्हणाल्या, "सर, बोरवाल्यानं आंधळं गिऱ्हाईक गाठलं जनू!"

सरांनी एक हिरवं बोर तोंडात टाकलं, आंबट तोंड केलं, आणि शांतपणे म्हणाले, "बराबर बोललात." मग सांगितलं. लहानपणी वडिलांनी पानं निवडायला बसवलं, पिकली एकीकडं, हिरवी एकीकडं. यांनी सगळी एकाच टोपलीत भरली. आळस केला म्हणून मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी परत तेच. तेव्हा आई म्हणाली, मारू नका, पोराला दिसतच नाही.

मी विचारलं, "मग तुम्ही हेच का शिकलात, सर?"

"कॉलेजात लिटमस होता. लाल नाहीतर निळा. त्या दोघांचं आणि माझं जमतं. भांडण आहे ते मधल्या लोकांशी." मधले म्हणजे केशरी, पिवळा, हिरवा. आमचं सगळं काम नेमकं त्या मधल्यांशीच.

म्हणून लॅबमध्ये एक रिवाज होता. पट्टी बुडवण्याआधी दोघींनी आकडा सांगायचा, आणि का ते सांगायचं. आज लाईनवर ॲसिडाचं पाणी जास्त आलं, सकाळचा चुना संपत आला होता, म्हणून पाच असेल, असं. मग एकीनं पट्टी बुडवायची आणि रंग जुळवून आकडा मनात ठेवायचा. दुसरीनं तोवर भिंतीकडं तोंड करायचं. नंतर दुसरीनं बघायचं. मग दोघींनी बोटं वर करायची. टाक्यांत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या आवाजात ओरडून काही उपयोग नसे, म्हणून बोटं. दोघींची बोटं सारखी आली तरच सर आकडा लिहायचे. नाही आली तर नवी पट्टी. आणि आधी सांगितलेल्या आकड्याशी जमलं नाही, तर टाकीत काय झालं ते शोधायला सर स्वतः जायचे. म्हणायचे, "डोळा फसतो. माझा तर फसतोच. पण त्यामागचं कारण फसत नाही."

कडूबाईंचा चुन्याचा घोळ त्याच सुमारास झाला. टाकीत पाणी सहावर होतं. त्यांनी एक घमेलं चुना कालवला तेव्हा ते आठवर आलं. पुढच्या खेपेला पाणी चारवर होतं. त्यांनी हिशेब केला, चारावरून सहा एक घमेलं, सहावरून आठ एक घमेलं. दोन घमेली टाकली. पट्टी हललीच नाही. आणखी दोन टाकली. तशीच.

"चुना बोगस हाय!" त्या टाकीवरून ओरडल्या. "दुकानदारानं राख भरून दिलीया!" आणि रागाच्या भरात घमेल्यावर घमेलं ओतत सुटल्या. पट्टी बराच वेळ केशरी-पिवळ्यातच घुटमळत राहिली आणि मग एकदम उडी मारून जांभळी. आम्ही दोघी घाबरून सरांकडं.

सर रागावले नाहीत. त्यांनी टेबलावर काचेचे पेले ओळीनं मांडले. पहिल्यात पाण्यात थोडं ॲसिड. त्यातलं एक माप दुसऱ्या पेल्यात, वर बॅटरीत घालतात तसल्या शुद्ध पाण्याची नऊ मापं. त्यातलं एक माप तिसऱ्यात, पुन्हा नऊ मापं पाणी. असं पुढं. "आधी सांगा, मग बुडवा." पहिल्याची पट्टी एकावर. दुसऱ्याची दोनावर. तिसऱ्याची तीनावर.

"बघा. दहापट पातळ केलं तेव्हा कुठं नंबर एक घर सरकला. चारात सहापेक्षा ॲसिड किती जास्त?"

"दोननं," कडूबाई म्हणाल्या.

"एक घर दहापट. दोन घरं?"

मी हळूच म्हटलं, "शंभरपट?"

कडूबाई पेल्यांकडं बघत राहिल्या. "म्हंजी ज्याला एक घमेलं लागलं, त्याच्या शंभरपट चुना लागत व्हता? आन् म्या दोन टाकून दुकानदाराला शिव्या दिल्या?"

"दिल्या त्या दिल्या. त्याला काही ना काही कारणानं लागूच असतील," सर म्हणाले.

पण कडूबाई पेले सोडायला तयार नव्हत्या. शेवटचे पेले सहाच्या पुढं, साताच्या जवळ आले होते. "आनखी पानी घाला सर, जाईल आठवर."

"नाही जाणार."

"का नाय? दर खेपेला एक घर सरकतंय की."

"घाला. पण आधी सांगा."

त्यांनी "आठ" सांगितलं, मी घाबरत "सात". पाणी घातलं, पट्टी बुडवली. साताच्या पुढं काही सरकेना.

"पाणी घालून आंबटपणा कमी होतो," सर म्हणाले. "कडूपणा येत नाही. तो बाहेरून आणावा लागतो. कुणाला कितीही पातळ केलं तरी त्याचा उलटा माणूस होत नाही."

मी विचारलं की हे लिंबाच्या सरबतानं करून दाखवलं असतं तर? म्हणाले, "लिंबू लबाड आहे. आपलं सगळं ॲसिड एकदम बाहेर काढत नाही, थोडं दाखवतं, बाकी कमरेला खोचून ठेवतं. दहापट पातळ केलं तरी पूर्ण घर सरकत नाही. ते ॲसिड कमजोर, पण हुशार." कमजोर आणि हुशार एकाच दमात म्हणता येतं हे मला नवीन होतं.

इथलं पाणी मला सोसत नसे. साबणाला फेस नाही, डाळ शिजता शिजत नाही. आमच्या विहिरीच्या पाण्यात हात घातला की मऊ लागतं. हे एकदा बोलून गेले तर सर म्हणाले, "आणा की ते पाणी." भाऊ भेटायला आला तेव्हा बाटली भरून घेऊन आला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सर सांगत होते, "कोकणातून पाहुणा आलाय." पट्टी लावली तर सहाच्या जरा वर. इथल्या बोअरचं आठच्या जवळ.

"तुमचं पाणी जांभ्या दगडातून येतं, जरा आंबट मिजाजीचं. आमचं काळ्या दगडातून, चुना खाऊन येतं. दोघांचा स्वभाव वेगळा. पण पिऊन माणसं जगतात दोन्हीकडं." मग बाटली माझ्याकडं परत देत म्हणाले, "हे टेस्टला नक्को वाया घालवायला. प्या."

मी ते घरी नेऊन दोन दिवस पुरवून प्यायले.

भावानं आमसुलंही आणली होती. मी डब्यात सार आणलं. डबा धुताना त्यात सोड्याचं पाणी गेलं आणि लाल साराचा तळ जांभळट, मग काळपट हिरवा झाला. मी ओरडले. सर धावत आले, "काय झालं, भाजलं?" मी म्हटलं, "सर, आमसूलपण चुगली करतं!"

त्यांनी सगळं काम बाजूला सारलं. आमसुलाचं पाणी काढून नळ्या भरल्या, एकीत ॲसिड, एकीत साधं पाणी, एकीत थोडा सोडा, एकीत जास्त. नळ्या खिडकीत लावल्या. लाल, गुलाबी, जांभळी, हिरवट. मला घरची संध्याकाळ आठवली. सर खिडकीसमोर वाकून बघत उभे. काही वेळानं म्हणाले, "मला एक उजळ दिसते आणि एक मळकट. मधलं सांगा."

मी सांगत गेले. लाल कसा, तर पिकलेल्या रतांब्यासारखा, ज्या फळाचं आमसूल होतं त्यासारखा. त्यांनी रतांबा कधी पाहिला नव्हता. मग त्याची साल, त्यातला गर, उन्हात वाळत घातलेलं अंगण, सगळं सांगावं लागलं. ते डोळे मिटून ऐकत होते. एवढं सविस्तर माझं ऐकणारं त्या शहरात तेव्हा कुणी नव्हतं.

मग कारखान्यात नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. कागद नीट पाहिजेत, सरकारी तपासणीला उत्तर देता आलं पाहिजे, एवढंच त्यांचं. वर्षाची आरोग्य तपासणी पूर्वी रक्तदाब बघून उरकायची. यांनी डोळ्यांची तपासणी लावली, रंगांची सुद्धा. कडूबाईंनी उपाय काढला. "सर, तुमी फकस्त पुढं उभं रहा. म्या मागून सांगती."

सरांनी पट्ट्यांची डबी उचलून कपाटात ठेवली.

डॉक्टर एक पुस्तक घेऊन बसले होते. रंगीत ठिपक्यांच्या गोलात आकडा लपलेला. रांगेत सरांच्या मागं कडूबाई, त्यांच्या मागं मी. डॉक्टरांनी पान उघडलं. मला लख्ख दिसलं, चौऱ्याहत्तर.

कडूबाई खोकल्यासारखं करून पुटपुटल्या, "चौऱ्यात्तर..."

सर मागं वळले. "कडूबाई, तुम्हाला विचारलं का?"

"सर, आवो—"

"रांगेत उभं राहा." मग डॉक्टरांना म्हणाले, "मला एकवीस दिसतात. लिहा. मला हिरवा-तांबडा ओळखता येत नाही."

कडूबाई पहिल्यांदाच माझ्यासमोर रडल्या, तेही रागानं. "दोन शब्द बोलायचे व्हते! दोन शब्द!"

"कडूबाई," सर म्हणाले, "बारा वर्षं तुम्हाला काय सांगत आलो? जे दिसलं तेच सांगायचं. मग मलाच कसं खोटं सांगायला लावता?"

साहेबांनी लगेच बोलावलं. आम्हा दोघींनाही. "जमीलसाहेब, मग इतकी वर्षं रंग कोण बघत होतं?"

"ह्या दोघी. यांच्याआधी दुसऱ्या होत्या, त्यांनाही शिकवलं. मी एकट्यानं एकही आकडा लिहिलेला नाही."

"शिक्षण काय यांचं?"

"यांची नववी. कडूबाईंची सातवी."

साहेबांनी चष्मा काढला. "मी तपासणीला आलेल्यांना काय सांगू? तुम्हीच सांगा."

"माझ्याबद्दल जे खरं आहे ते सांगा. मला स्टोअरला टाका, निवृत्तीला थोडेच महिने उरलेत. माझ्या जागी शिकलेलं, डोळ्यांनी ठीक असलेलं कुणी आणा. आणलंच पाहिजे." मी त्यांना कुणाकडं काही मागताना कधी पाहिलं नव्हतं. "पण ह्यांना टेबलावरून उठवू नका. चांगल्या डोळ्याचा माणूस एकटा बघतो, आणि एकटा माणूस दुपारी जेवल्यावर पिवळ्याला हिरवा म्हणतो. मी एकट्यावर विसंबू शकत नव्हतो, म्हणून ही पद्धत लागली. माझी अडचण होती. तुम्ही ती नियम म्हणून ठेवा."

साहेबांनी आकड्यांची वही पुढं ओढून काही पानं उलटली. शेवटी म्हणाले, "सहा महिने बघू."

नवी केमिस्ट मुलगी आली, हसऱ्या चेहऱ्याची. तिनं पट्टी घेतली, बुडवली, आकडा वाचला, झालं. मी काही बोलायचं धाडस केलं नाही. कडूबाईंनी केलं. "बाय, आदी सांगायचं असतंय." तिला वाटलं थट्टा करतात. मग तिनं का ते विचारलं. मी सांगायला लागले, पेले मांडून, एक माप आणि नऊ मापं. तिला लॉगरिदम येत होता, पेले कधी मांडले नव्हते. ती खुशीत आली, आणि दुसऱ्या दिवसापासून तीही भिंतीकडं तोंड करायला लागली. सर स्टोअरमध्ये हातमोजे आणि बूट वाटत होते. लॅबकडं ते एकदाही फिरकले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "माझी सावली तिथं पडली की ती मुलगी माझ्याकडं बघेल. पट्टीकडं बघायचं आहे."

सहा महिने झाले. आम्हाला कुणी उठवलं नाही, आणि कुणी तसं बोलूनही दाखवलं नाही. फक्त नव्या महिन्याच्या पाळीच्या यादीत आमची नावं लॅबखाली लागली.

सर निवृत्त झाले तो दिवस साधाच होता. नारळ, शाल, समोसे. कडूबाईंनी त्यांच्या पायाला हात लावला तेव्हा ते मागं सरले, "अरे नक्को नक्को." टाकी सोडायची वेळ झाली होती, म्हणून आम्ही समारंभ अर्धा सोडून पळालो.

टाकीवरून गेट दिसतं, पण लांब. ब्लोअर चालू. सर पिशवी घेऊन गेटपाशी पोहोचले होते. तिथं थांबले, वळले आणि हनुवटी वर करून हात हलवला. किती?

मी पट्टी बघितली होती. कडूबाई भिंतीकडून वळून बघत होत्या. आम्ही दोघींनी एकाच वेळी हात उंच केले. माझी आठ बोटं. कडूबाईंची सात.

एवढ्या लांबून मला सरांचा चेहरा दिसला नाही, पण ते हसत होते हे खांद्यांवरून कळलं. त्यांनी हात हवेत गोल फिरवून खूण केली. परत.

कडूबाई माझ्यावर डाफरल्या, "आगं नीट बघ की, सात हाय!" मी म्हटलं, "आठ आहे." आम्ही नवी पट्टी काढली, आधी आकडा सांगितला, मग बुडवली. रंग ठरेपर्यंत आळीपाळीनं वाकून बघत राहिलो. वर पाहिलं तेव्हा गेटवर वॉचमन एकटाच उभा होता.